गॉरम आणि ग्लस : गेलिक डोंगरनावांतले दोन रंग

स्कॉटलंडमध्ये म्याउल गॉरम आणि म्याउल ग्लस या गेलिक, म्हणजे तेथील जुन्या केल्टिक भाषेतल्या, नावांचे दोन डोंगर आहेत. पहिला उत्तरेकडील फॅनिक डोंगररांगेत असून त्याची उंची ९४९ मीटर आहे. दुसरा ग्लेन लॉखी या खोऱ्याच्या दक्षिणेस असून तो ९५९ मीटर उंच आहे. ‘म्याउल’ म्हणजे गोलसर, ढेकळासारखा डोंगर. हा शब्द दोन्ही नावांत सारखाच असल्यामुळे सारा फरक विशेषणात उरतो आणि गोंधळही तेथेच होतो.

शब्दकोशात गॉरमचा अर्थ ‘निळा’ आणि ग्लसचा ‘करडा’ असा सापडतो, म्हणून अनेक जण या नावांचा अर्थ ‘निळा डोंगर’ आणि ‘करडा डोंगर’ असा सांगून मोकळे होतात. परंतु गेलिक बोलणारा माणूस भरघोस वाढलेल्या गवतालाही गॉरमच म्हणतो, आणि ग्लस हा शब्द करड्या घोड्याला जसा लागतो तसाच गवताळ उताराच्या फिकट हिरव्या रंगालाही लागतो. म्हणजे हिरव्या रंगावर दोन्ही शब्दांचा हक्क आहे. माझ्या मते या दोहोंतला भेद रंगाचा नसून त्याच्या गडदपणाचा आहे. आपण ‘हिरवागार’ आणि ‘हिरवट’ यांत जो फरक करतो, जवळपास तोच येथे आहे: गॉरममध्ये रंग दाटलेला असतो, ग्लसमध्ये तो विरलेला असतो. गॉरमच्या वेल्श भावंडाचा, म्हणजे ‘गुर्म’ या शब्दाचा, अर्थ ‘काळपट’ असा आहे, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे. ग्लस मात्र भाषेगणिक सरकत गेला आहे; वेल्शमध्ये तो निळा झाला, तर आयरिशमध्ये झाडापाल्याचा हिरवा.

ग्लस ओळखताना व्याकरणही आडवे येते. लॉअर्स डोंगराशेजारच्या ११०३ मीटर उंचीच्या शिखराचे नाव बेन ग़्लस आहे, तर वायव्येकडील असिंट भागात ७७६ मीटरचा ग्लस व्हेन आहे. दोन्ही नावांचा अर्थ एकच. ‘बेन’ म्हणजे पर्वत, आणि हा शब्द स्त्रीलिंगी असल्यामुळे त्याच्या मागून येणाऱ्या विशेषणाचा पहिला वर्ण घशात मऊ होतो. उलट विशेषण आधी आले, तर बेनमधला ‘ब’ मऊ होऊन ‘व्ह’ ऐकू येतो. कार्न, म्हणजे दगडांची रास किंवा खडकाळ डोंगर, हा शब्द पुल्लिंगी असल्याने ‘कार्न गॉरम’ या नावात मात्र ‘ग’ जसाच्या तसा राहतो.

हा कार्न गॉरम १२४५ मीटर उंच आहे, आणि त्याच्याच नावावरून इंग्रजी नकाशांनी सगळ्या रांगेला केर्नगॉर्म्स म्हटले. गेलिकमध्ये या रांगेचे नाव अम मोनग़ रुअग़, म्हणजे तांबूस डोंगराळ प्रदेश, असे आहे. तेथील ग्रॅनाइट खरोखरच गुलाबीसर आहे. स्पे नदीच्या पलीकडची रांग अम मोनग़ लिअ, म्हणजे करडा डोंगराळ प्रदेश, म्हणून ओळखली जाते. तांबूस आणि करडा ही नावे खोऱ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर ठेवलेली होती. एका शिखराचे गॉरम साऱ्या रांगेला चिकटले आणि नकाशावरून ती जोडी नाहीशी झाली.