एक बाग, दोन कॅमेरे: जाहिरात कुठली, कलाकृती कुठली?

शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. लग्नाची मुलंमुली तिथे सहसा फिरकत नाहीत, येतात ते त्यांचे आईवडील. जमिनीवर उघड्या छत्र्या मांडलेल्या असतात आणि छत्रीवर एक कागद लावलेला असतो. जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, फ्लॅट आहे का, शांघायची रहिवासी नोंदणी आहे का. बहुतेक कागदांवर फोटो नसतो. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ अशा छोट्या जाहिराती वाचत मोठे झालेल्या आपल्याला हे सगळं समजायला दुभाषी लागणार नाही.

याच बागेत थोड्या काळाच्या अंतराने दोन कामं झाली. दोन्हींत अविवाहित, शिकलेल्या स्त्रिया आहेत, ‘वय उलटून चाललंय’ हा धाक आहे आणि सोबत कॅमेरा आहे. कुणी तोंडी वर्णन केलं तर एकाच फिल्मबद्दल दोनदा बोलतायत असं वाटेल. त्यातली एक जाहिरात आहे आणि दुसरी कलाकृती.

जाहिरात आली एप्रिल २०१६ मध्ये, एसके-टूची. एसके-टू हा जपानी स्किनकेअर ब्रँड आहे आणि त्याची मालकी प्रॉक्टर अँड गॅम्बलकडे. चीनमध्ये सत्ताविशी ओलांडूनही लग्न न झालेल्या मुलींना ‘उरलेल्या’ म्हणतात. हे विशेषण इतकं रुळलं की २००७ मध्ये तिथल्या शिक्षण मंत्रालयाने नव्या शब्दांच्या यादीत त्याला जागा दिली. फिल्ममध्ये अशा मुली आणि त्यांचे आईवडील बोलतात. सगळ्यात लागणारा प्रसंग एका आईचा. मुलगी शेजारीच बसलेली आहे, आणि आई कॅमेऱ्याकडे बघून सांगते की आमची मुलगी स्वभावाने छान आहे, पण दिसायला बेताचीच, म्हणून राहिली. आवाजात राग नाही, दुष्टावा नाही. भाजी महागली म्हणून सांगावं इतक्या सहज सांगते. मुलीचे डोळे भरून येतात.

मग फिल्म बागेत जाते. छत्र्यांवरच्या कागदांच्या जागी या मुलींची मोठी, सुरेख छायाचित्रं उभी केलेली असतात आणि सोबत प्रत्येकीचा आईवडिलांना निरोप: लग्नासाठी लग्न करणार नाही. आईवडील येतात, वाचतात, विरघळतात. शेवटी मिठ्या.

मी ही फिल्म पहिल्यांदा पाहिली तेव्हा मलाही भरून आलं होतं, ते नाकारत नाही. पण त्या आईच्या वाक्याला फिल्मने दिलेलं उत्तर नीट बघा. आई म्हणाली, मुलगी दिसायला बेताची. फिल्मने तिचा मऊ प्रकाशातला, नितळ त्वचेचा मोठा फोटो लावला आणि म्हटलं, बघा, किती सुंदर आहे. म्हणजे वाद फक्त मार्कांवरून आहे. मुळात मार्क का द्यायचे, हे कुणी विचारतच नाही. चेहऱ्याला लावायचं महागडं द्रव विकणाऱ्या कंपनीला ते विचारून परवडणारही नाही.

काळही लक्षात घ्यायला हवा. जेमतेम महिनाभर आधी, मार्च २०१६ मध्ये, वेइबो या ट्विटरसारख्या चिनी समाजमाध्यमावर ‘ए-फोर कंबर’ची लाट आली होती. उभा ए-फोर कागद पोटापुढे धरायचा आणि त्याच्या २१ सेंटिमीटर रुंदीमागे कंबर पूर्ण लपली तर फोटो टाकायचा. त्या हवेत एसके-टूची फिल्म दिलासा वाटली यात नवल नाही.

आता दुसरं काम. ग्वो यिंगग्वांग ही छायाचित्रकार लंडनहून शिकून आलेली, तिशी ओलांडलेली, अविवाहित. ती त्याच बाजारात स्वतःच स्वतःची जाहिरात घेऊन उभी राहिली आणि लोक काय बोलतात ते चित्रित केलं. सुरुवातीला लोक थांबतात, चौकशी करतात. परदेशी पदवी, दिसायला बरी, बोलायला नीट. मग वयाचा आकडा कळतो आणि पावलं पुढे सरकतात. एवढंच. कुणी विरघळत नाही, मिठी नाही, पार्श्वसंगीतावर येणारा निरोप नाही. व्हिडिओबरोबर तिने छायाचित्रं आणि एक पुस्तकही केलं. या मालिकेला २०१७ मध्ये चीनमधल्या शियामेनच्या जिमेई × आर्ल छायाचित्र महोत्सवात स्त्री छायाचित्रकारांसाठीचा पुरस्कार मिळाला.

दोन्हींतला फरक ‘जाहिरात खोटी, कला खरी’ असा नाही. फिल्ममधल्या मुली आणि त्यांचं रडू खरं आहे, आणि ही फिल्म जितक्या लोकांनी पाहिली तितके कुठल्याही गॅलरीत येणार नाहीत. मला फरक दिसतो तो बघणाऱ्याला कुठे उभं केलंय यात. जाहिरातीत आपण मुलीच्या बाजूने असतो, पहिल्यापासून शेवटपर्यंत निर्दोष. ग्वोच्या व्हिडिओत आपण गिऱ्हाईक असतो. समोर एक बाई आहे, तिचं वय आत्ताच कळलंय, आणि आपल्याही मनात क्षणभर हिशेब होतो. तो झाल्याचं आपल्यालाच कळतं.

सामाजिक प्रश्नावर स्वार होण्याची कला जाहिरातवाल्यांनी तोवर सगळीकडेच आत्मसात केली होती. त्याच २०१६ साली कानच्या जाहिरात महोत्सवात लिंगभेदावरच्या जाहिरातींचं सर्वोच्च पारितोषिक मुंबईत घडलेल्या ‘सिक्स पॅक बँड’ला गेलं. तृतीयपंथी गायकांचा हा बँड ब्रुक बाँड रेड लेबल चहासाठी उभा केला होता. बँड चांगला होता. चहाही खपला असणार.

पण ‘कलाकृती’ म्हटलं की सगळं माफ, असंही नाही. त्स्वेइ श्यूवेन या चित्रकर्तीचं २००० सालचं ‘लेडीज रूम’ हे काम घ्या. बीजिंगच्या एका नाइटक्लबच्या स्वच्छतागृहात तिने छुपा कॅमेरा लावला. तिथे काम करणाऱ्या मुली आरशासमोर येतात, लिपस्टिक पुसून पुन्हा लावतात, अंतर्वस्त्रं सारखी करतात, पैसे मोजून आत सरकवतात, फोनवर बोलतात. बाहेरच्या पुरुषांसाठी चेहरा कसा पुन्हा पुन्हा बांधावा लागतो हे इतक्या थेट क्वचितच कुणी दाखवलं असेल. पण त्या मुलींना कुणी विचारलं नव्हतं. ग्वोने स्वतःचं अंग पणाला लावलं, त्स्वेइने दुसऱ्यांचं. माझ्या लेखी ते काम मोठं आहे आणि त्यावरचा आक्षेपही तितकाच खरा आहे.

आणखी एक गैरसमज होतो. फोटो देखणा असला की जाहिरात, ओबडधोबड असला की निषेध, अशी वाटणी डोक्यात पक्की असते. छन लिंगयांगची ‘बारा महिन्यांची फुलं’ ही १९९९-२००० मधली छायाचित्रमालिका ती वाटणी मोडून टाकते. दर महिन्याचं पारंपरिक फूल, कमळ, शेवंती वगैरे, गडद पार्श्वभूमीवर जुन्या चिनी चित्रासारखं मांडलेलं. शेजारी आरसा, कधी गोल, कधी जुन्या बागांतल्या खिडक्यांच्या आकाराचा. नजर आधी फुलावर जाते, मग आरशात. तिथे तिच्याच शरीराचं प्रतिबिंब आहे, मासिक पाळीच्या रक्तासह. स्त्रीला फुलाची उपमा देणाऱ्या कित्येक शतकांच्या कवितेला तिने नियम न मोडता उत्तर दिलंय. याच्या अगदी उलट टोकाला स्त्रीवादी कार्यकर्ती श्याओ मेइलीने २०१५ मध्ये वेइबोवर घेतलेली काखेतल्या केसांची फोटो स्पर्धा. हात वर करून, मोबाइलवर, हसत काढलेले फोटो, कलादालनाचा संबंध नाही. दोघींचं म्हणणं मात्र फार दूरचं नाही.

जिथे हे सगळे निकष अडखळतात असं उदाहरण म्हणजे छन मानचा डिऑर या फ्रेंच फॅशन ब्रँडसाठीचा फोटो. नोव्हेंबर २०२१, शांघाय, डिऑरचं प्रदर्शन. छन मान ही चीनमधली बडी फॅशन छायाचित्रकार. फोटोतल्या मुलीच्या अंगावर छिंग राजघराण्याच्या काळाची आठवण देणारा पोशाख, बारीक डोळे, घडी नसलेल्या एकेरी पापण्या, चेहऱ्यावर वांगाचे ठिपके, हातात डिऑरची बॅग. गोरी, बारीक, कोवळी आणि मोठ्या डोळ्यांची असा ज्या देशात आग्रह आहे, तिथे हा चेहरा बंड वाटू शकला असता. झालं उलटंच. पाश्चात्त्यांना हवी तशी कुरूप चिनी बाई दाखवली म्हणून गदारोळ उठला.

त्यात तथ्य होतंच. परदेशी कंपनीची बॅग विकताना ‘पूर्वेकडची बाई’ हा साचा सोयीस्करपणे वापरला जातो, आणि माझ्या मते हा फोटो जाहिरातच होता. पण अनेकांचा राग बॅगेवर नव्हता, त्या मुलीच्या डोळ्यांवर आणि ठिपक्यांवर होता. तशा चेहऱ्याच्या लाखो मुली त्याच देशात राहतात, आणि त्याही ती चर्चा वाचत होत्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये झारा या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत मॉडेल ली जिंगवेनच्या चेहऱ्यावरचे ठिपके झाकले नाहीत तेव्हाही असाच कल्लोळ झाला होता. या वेळी डिऑरने फोटो प्रदर्शनातून उतरवला, आणि छन मानने आपल्या अपरिपक्वतेला दोष देत वेइबोवर जाहीर माफी मागितली.