गारदी (पेशवेकालीन पहाऱ्याची व्यवस्था)

गारदी : अठराव्या शतकात दक्षिणेतील सत्ताधीशांच्या चाकरीत असलेले, युरोपीय धर्तीवर कवाईत शिकलेले बंदूकधारी पायदळ. पुण्यात पेशव्यांच्या वाड्यावरील चौकी-पहाऱ्याचे कामही या पायदळाच्या तुकड्यांकडे असे. रणांगणावरील गारदी आणि वाड्यावरील गारदी हे एकाच दलाचे दोन भाग होते. इब्राहिमखान गारद्यामुळे पहिला भाग सर्वपरिचित आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः दुसऱ्या भागाविषयी, म्हणजे राज्याच्या मुख्य कारभाऱ्याच्या जीविताची जबाबदारी असलेल्या शिपायांविषयी आहे.

व्युत्पत्ती : ‘गारदी’ हा शब्द ‘गारद’ म्हणजे पहारा या शब्दावरून आला, याविषयी फारसे दुमत नाही. मतभेद आहे तो ‘गारद’ कोठून आला याविषयी. इंग्रजी ‘गार्ड’पासून तो आल्याचे अनेकदा सहज सांगितले जाते, पण इंग्रजीतील हा वर्ण मराठीत ‘ड’ असा उतरतो, जसे की बोर्ड, कार्ड आणि खुद्द गार्ड. ‘गारद’मधील दंत्य ‘द’ पोर्तुगीज किंवा फ्रेंच उगमाकडे बोट दाखवतो. पोर्तुगीज पक्षाची बाजू अशी की, काडतूस, पिस्तूल, पगार असे लष्कराशी व चाकरीशी संबंधित शब्द कोकणकिनाऱ्यावरून मराठीत आधीच रुळले होते. त्याच वाटेने पोर्तुगीज ‘ग्वार्द’ येणे अवघड नव्हते. फ्रेंच पक्षाची बाजू अशी की, कवाईती पायदळाचा हा नमुना दख्खनमध्ये ठसठशीतपणे दिसला तो १७५१ पासून, निजामाच्या पदरी फ्रेंच सेनानी बुसी असताना. मुजफ्फरखान आणि इब्राहिमखान हे दोन्ही नामांकित गारदी सरदार याच शिस्तीत तयार झाले. ‘ग्वार्द’मधील ‘व’चा मराठी शब्दात मागमूस नाही, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. फ्रेंच ‘गार्द’ अधिक जवळचा वाटतो. ‘गारद’ मराठीत स्त्रीलिंगी आहे. परंतु मूळ शब्द दोन्ही युरोपीय भाषांत स्त्रीलिंगी असल्याने त्यावरून निर्णय होत नाही.

एकोणिसाव्या शतकातील एका इंग्रज कोशकाराने तिसरा तर्क मांडला आहे : अरबी ‘गर्बी’, म्हणजे पश्चिमेकडचा, यावरून हा शब्द आला आणि पुढे ‘गार्ड’च्या छायेने त्याचे रूप बदलले. पेशवाईत अरब शिपाई मोठ्या संख्येने होते, म्हणून हा तर्क आकर्षक वाटतो. मात्र जुन्या मराठी कागदांत ‘गाडदी’ असेही लेखन आढळते. ‘रद’चे ‘डद’ होणे उच्चाराच्या दृष्टीने सुलभ आहे. ‘गर्बी’तील ‘ब’ नाहीसा होण्याचे तसे कारण देता येत नाही. ‘सैन्य गारद झाले’ या प्रयोगातील ‘गारद’ निराळा असून तो लूट, विध्वंस या अर्थाच्या ‘गारत’ या अरबी-फारसी शब्दाचे रूप मानला जातो. दरबारात छत्रपतींच्या आगमनाची जी ललकारी देतात तिलाही ‘गारद’ म्हणतात. पहारा सावध करण्याच्या हाकेवरून हा अर्थ आला असावा.

पूर्वपीठिका : शिवकाळात राजाच्या रक्षणाचे काम निवडक मावळ्यांकडे असे. राजाच्या जवळ चालणाऱ्या या हुजूर लोकांच्या लहानमोठ्या टोळ्या बांधलेल्या असल्याचे सभासद बखरीतील वर्णनावरून दिसते. प्रतापगडच्या भेटीच्या वेळी (१० नोव्हेंबर १६५९) सय्यद बंडाचा वार अडवणाऱ्या जिवा महालाची आठवण ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ या म्हणीत टिकून आहे. याच्या उलट बाजूचे उदाहरण पुण्यातलेच. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री लाल महालात शायिस्तेखानाभोवती मोठी छावणी असूनही खुद्द महालाचा पहारा निष्प्रभ ठरला आणि खानाची बोटे तुटली. वाड्याच्या रक्षणाचा विचार करताना हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे : बाहेरचे सैन्य कितीही असो, आतल्या दाराशी कोण उभा आहे यावर सारे अवलंबून राहते.

हुजुरात आणि वाड्याची रचना : सरदारांच्या फौजांहून वेगळे, थेट धन्याच्या हुकमतीतले घोडदळ म्हणजे हुजुरात. तिच्यात सरकारी घोड्यांवरचे बारगीर (यांची पागा) आणि स्वतःचा घोडा बाळगणारे शिलेदार असत. शाहू छत्रपतींची हुजुरात साताऱ्याची. कारभाराचे केंद्र पुण्याकडे सरकले तशी पेशव्यांची स्वतंत्र हुजुरात बळावली. स्वारीत पेशव्यांभोवती हुजुरात असे. वाड्यात मात्र घोडदळाचा उपयोग नव्हता. तेथे देवडीवरचे पहारेकरी, खासबारदार, भालदार, चोपदार, खिजमतगार आणि हुजरे अशी माणसांची वर्तुळे होती. त्यांतील किती जण शस्त्रधारी रक्षक आणि किती जण केवळ सेवक, ही रेघ तेव्हा आजच्याइतकी स्पष्ट नव्हती. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांच्या खुनाच्या प्रसंगात ती पूर्ण पुसली गेली.

शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी झाली आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. कोट व बुरूज पुढे नानासाहेबांच्या काळात पुरे झाले. बुरूज नऊ आणि दरवाजे पाच : दिल्ली, मस्तानी, खिडकी, गणेश आणि नारायण. उत्तराभिमुख दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर ७२ अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीच्या गंडस्थळाच्या उंचीवर ते ठोकलेले असल्याने हत्तीची धडक देऊन दार फोडता येऊ नये. आत शिरताच वाट आधी उजवीकडे आणि मग डावीकडे वळते, त्यामुळे चालून आलेल्या जमावाचा जोर मोडतो. बाहेरून चालून येणाऱ्या शत्रूला अडवण्यासाठी ही रचना उत्तम होती. पगारावर ठेवलेला पहारेकरीच शस्त्र उपसून आत वळला, तर तिचा काही उपयोग नव्हता.

गारद्यांची भरती : वाड्यावरील गारद्यांत अरब, हबशी, रोहिले आणि उत्तरेकडील ‘परदेशी’ म्हणवले जाणारे पुरभय्ये असत. त्यांना महिन्याचा रोख पगार मिळे. अरबांचा दर देशी शिपायाहून जास्त. वतन, गाव, नाते किंवा पुण्यातले घर यांपैकी कशानेही ते धन्याशी बांधलेले नसत. नव्या कारभाऱ्यांना हेच सोयीचे वाटले असावे : भाऊबंदकीत ज्याला बाजूच नाही तो पहारेकरी निर्धोक. परंतु ज्याचे इमान फक्त पगारावर, त्याचा पगार थकता कामा नये. पेशवाईच्या खजिन्याला ते कधीच नीट जमले नाही. दलाच्या रचनेतील खरे वैगुण्य येथेच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गारदी जातीने किंवा प्रांताने बेइमान होते, हा जुन्या लेखनात डोकावणारा समज टिकणारा नाही. पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) इब्राहिमखानाच्या गारद्यांनी शेवटपर्यंत झुंज दिली आणि स्वतः इब्राहिमखान कैदेत मारला गेला.

धोक्याच्या सूचना आधीच मिळाल्या होत्या. ऑक्टोबर १७५९ मध्ये पुण्याजवळ गारपिरावर सदाशिवरावभाऊंवर कट्यारीचा वार झाला. ते जखमी झाले, पण वाचले. मुजफ्फरखान गारदी या कटामागे असल्याचे आढळून त्याला देहान्त शासन झाले. सप्टेंबर १७६९ मध्ये पर्वतीहून परतणाऱ्या माधवराव पेशव्यांवर त्यांच्याच चाकरीतील रामसिंगाने तलवार उगारली आणि घाव खांद्यावर निभावला. या रामसिंगास काही लेखक गारदी म्हणतात. दहा वर्षांत दोन हल्ले आणि दोन्ही वेळा हात घरच्याच चाकराचा, तरीही वाड्याच्या पहाऱ्याची मूळ व्यवस्था बदलल्याचे दिसत नाही.

नारायणराव पेशव्यांचा खून : ३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध १३, शके १६९५. माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे वारले होते. त्यांच्यामागून पेशवेपद मिळालेले नारायणराव अठरा वर्षांचे होते. चुलते रघुनाथराव वाड्यातच नजरकैदेत होते. गारद्यांचा पगार थकलेला होता. सुमेरसिंग, खरकसिंग आणि महंमद इसाफ हे गारद्यांचे म्होरके; रघुनाथरावांचा सेवक तुळाजी पवार त्यांना मिळालेला. त्या दिवशी सकाळी पर्वतीकडे काही कुणकुण लागून पेशव्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त करण्यास सांगितले होते, पण बंदोबस्त होण्याआधीच दुपारी गारदी आत घुसले. वाड्याच्या एका बाजूचे दार दुरुस्तीसाठी उघडे होते, असे काही वृत्तांत सांगतात. ते खरे मानले तरी त्याला फार महत्त्व देण्याचे कारण नाही, कारण पहाराच त्यांचा होता.

नारायणराव धावत काकांकडे गेले. ‘काका, मला वाचवा’ ही हाक मराठी माणसाच्या कानात आजही आहे. त्यांच्या अंगावर पडून वार झेलणारा चापाजी टिळेकर हा शस्त्रधारी रक्षक नव्हता, घरचा सेवक होता. म्हातारे नारोबा फाटक आणि इच्छारामपंत ढेरे हेही मारले गेले. पेशव्यांसह एकूण मृतांचा आकडा अकरा सांगतात. त्यात दोन दासी होत्या. शिवाय एक गायही कापली गेली. ज्यांच्याकडे रक्षणाचे काम होते त्यांनी खून केला आणि ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी प्राण देऊन ते केले. या दिवसाविषयी लिहिताना चापाजीचे नाव गाळणे अन्यायाचे होईल.

‘ध चा मा’ : रघुनाथरावांनी गारद्यांना लिहून दिलेल्या हुकमात नारायणरावांस ‘धरावे’ असे होते, ते आनंदीबाईंनी ‘मारावे’ असे केले, अशी परंपरा आहे आणि त्यावरून हा वाक्प्रचार रूढ झाला. असा फेरफार केलेला मूळ कागद उपलब्ध नाही. मोडीत ‘ध’चा ‘मा’ करणे लेखणीच्या एका फटकाऱ्याचे काम नव्हे, हा आक्षेप काही मोडी जाणकार घेतात. उलट पक्ष म्हणतो की घाईच्या लिखाणात खाडाखोड चालून गेली असती. प्रश्न मुळात अक्षराच्या वळणाचा नसावा. पकडण्याचा हुकूम मान्य केला, तरी थकलेल्या पगाराने चिडलेले सशस्त्र गारदी पेशव्यांच्या अंगावर सोडण्याची जबाबदारी तेवढ्याने हलकी होत नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून दोषाचा ठपका रघुनाथरावांवर ठेवला, याविषयी बहुतेक अभ्यासक एकमत आहेत. आनंदीबाईंचा वाटा लोककथेत जेवढा मोठा आहे, तेवढा समकालीन पुराव्यात दिसत नाही. घरच्या बाईवर दोष टाकून मोकळे होण्याची सोय या कथेने करून दिली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

म्होरक्यांपैकी पळालेल्या काहींना पुढील काही वर्षांत पकडून देहान्त शासन करण्यात आले. शनिवारवाड्याच्या ‘नारायण’ दरवाजाचे नाव पेशव्यांचा देह तेथून बाहेर नेल्यामुळे पडले, असे सांगतात.

नंतरचा काळ : बारभाईंनी, म्हणजे रघुनाथरावांविरुद्ध एकत्र आलेल्या कारभाऱ्यांनी, नारायणरावांच्या गरोदर पत्नी गंगाबाईंना पुरंदरावर हलवले. सवाई माधवरावांचा जन्मही तेथेच झाला (१८ एप्रिल १७७४). वाड्याऐवजी किल्ला निवडणे, ही पुण्याच्या पहाऱ्यावर विश्वास उरला नसल्याची कबुलीच होती. गारदी आणि अरब शिपाई मात्र चाकरीत राहिले. वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) पेशव्यांच्या रक्षणासाठी इंग्रजांची तैनाती फौज आली. पुढे दुसऱ्या बाजीरावासाठी कॅप्टन फोर्डने कवाईती पलटणी उभारल्या, त्यांचा तळ दापोडीस होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या लढाईत या पलटणी, पेशव्यांच्या खजिन्यातून पगार घेणाऱ्या, इंग्रजांच्या बाजूने उभ्या राहिल्या.

अवशेष : वाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत जळाल्या; कोट, बुरूज आणि दिल्ली दरवाजा उभे आहेत. पेशव्यांच्या पागेच्या जागी मुलींची शाळा भरते. १८८४ मध्ये सुरू झालेली ही शाळा पुणेकर तिच्या नावाऐवजी ‘हुजूरपागा’ म्हणूनच ओळखतात. पायदळाच्या वाट्याला असे एकही ठिकाण आले नाही. हुजऱ्यांची आठवण ‘हुजरेगिरी’ या शब्दात उरली आहे.