गेट काढून ?. टाकताय? आधी नल कुठे येतोय ते बघा

जावास्क्रिप्टची पॅकेजेस जिथून घेतात त्या एनपीएमवरून लोडॅश.गेट (लोडॅश या लायब्ररीतलं गेट, म्हणजे ऑब्जेक्टच्या आत खोलवरची व्हॅल्यू काढून देणारं फंक्शन) हे सुटं पॅकेज इन्स्टॉल केलं की वॉर्निंग येते, हे डेप्रिकेटेड आहे (म्हणजे आता वापरू नका), त्याऐवजी ऑप्शनल चेनिंग, म्हणजे ?. हे चिन्ह, वापरा. ती वाचून लोक अख्ख्या कोडबेसवर फाइंड-रिप्लेस मारतात आणि पुल रिक्वेस्टमध्ये (बदल तपासायला पाठवताना) बिनधास्त लिहितात, "वागणुकीत काही बदल नाही". बदल आहे, आणि तो टेस्टमध्ये सहसा सापडत नाही. रिव्ह्यूमध्ये तेच तेच सांगून कंटाळा आलाय म्हणून एकदाचं सविस्तर लिहितो. (आणि हो, डेप्रिकेट झालंय ते फक्त सुटं पॅकेज, मुख्य लोडॅशमधलं गेट जागच्या जागी आहे.)

?. तुम्ही रोज वापरता, इएस २०२० (जावास्क्रिप्टची २०२० ची आवृत्ती) पासून भाषेतच आहे: मध्येच नल (मुद्दाम रिकामी ठेवलेली व्हॅल्यू) किंवा अनडिफाइंड (व्हॅल्यू दिलेलीच नाही) लागलं तर एरर न देता अनडिफाइंड देतं. गेट तेच काम करतं, फक्त पाथ (व्हॅल्यूपर्यंतचा रस्ता) स्ट्रिंग किंवा अ‍ॅरे म्हणून घेतं. दोन आर्ग्युमेंट दिले असतील तर दोघांचं उत्तर सारखंच येतं:

गेट(ऑर्डर, 'डिलिव्हरी.पिनकोड')
ऑर्डर?.डिलिव्हरी?.पिनकोड

घोळ होतो तो तिसऱ्या आर्ग्युमेंटपाशी, म्हणजे डिफॉल्टपाशी (काही सापडलं नाही तर द्यायची व्हॅल्यू):

गेट(ऑर्डर, 'डिलिव्हरी.पिनकोड', 'दिलेला नाही')
ऑर्डर?.डिलिव्हरी?.पिनकोड ?? 'दिलेला नाही'

दिसायला जुळी भावंडं. पण गेटचं डिफॉल्ट फक्त अनडिफाइंडला लागतं, ?? (डावीकडे काही नसेल तर उजवीकडची व्हॅल्यू देणारं चिन्ह) मात्र नल आणि अनडिफाइंड दोन्हीला लागतं. आता तीन ऑर्डर घ्या. पहिलीत डिलिव्हरीच नल आहे: दोघंही 'दिलेला नाही' देतात. दुसरीत डिलिव्हरी आहे पण पिनकोड ही कीच नाही: पुन्हा दोघंही 'दिलेला नाही'. तिसरीत पिनकोड ही की आहे आणि तिची व्हॅल्यू नल आहे: ?? 'दिलेला नाही' देतं, गेट सरळ नल हातात ठेवतं. कारण गेट पाथवरून एकेक पायरी उतरत जातं, मध्येच नल लागला तर पाथ अर्धवट राहतो म्हणून डिफॉल्ट, पण शेवटच्या पायरीवर नल सापडला तर त्याच्या दृष्टीने ते सापडलेलं उत्तर आहे. म्हणजे तोच नल मध्ये असला तर एक निकाल आणि टोकाला असला तर दुसरा, आणि हेच लोकांच्या डोक्यात बसत नाही.

प्रत्यक्षात नल टोकालाच जास्त येतो. जेसनमध्ये (बॅकएंड ज्या फॉरमॅटमध्ये डेटा पाठवतो त्यात) अनडिफाइंड हा प्रकारच नाही, डेटाबेसच्या कॉलममध्ये काही नसलं की बॅकएंड बहुतेक वेळा नलच पाठवतो. म्हणून गेटला डिफॉल्ट देऊनही रिअ‍ॅक्टच्या स्क्रीनवर ती जागा कोरी राहते, नाहीतर टेम्प्लेट स्ट्रिंगमधून ग्राहकाच्या मेलमध्ये चक्क नल असा शब्द छापून जातो.

मग ?? टाकलं की प्रश्न मिटला? पिनकोडपुरता मिटला. पण नलला अर्थ असतो अशाही जागा असतात. समजा प्लॅनमध्ये मर्यादा नल म्हणजे अमर्याद, आणि मर्यादा दिलेलीच नसेल तर १० युजर. गेट वापरलेला जुना कोड हे बरोबर सांभाळत होता. तुम्ही तिथे ?? ठेवलंत की अमर्यादचे पैसे भरलेल्या ग्राहकाला अकराव्या युजरला अडवलं जाणार, आणि कन्सोलवर एरर नाही, काही नाही. अशा ठिकाणी डिस्ट्रक्चरिंगचं (ऑब्जेक्टमधली व्हॅल्यू थेट व्हेरिएबलमध्ये काढून घ्यायच्या पद्धतीचं) डिफॉल्ट वापरा, तेही गेटसारखंच फक्त अनडिफाइंडला लागतं. किंवा सरळ === लावून अनडिफाइंड तपासा, एक ओळ वाढली तर वाढू दे.

|| बद्दल एवढंच: शून्य आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही गिळतं, डिफॉल्टसाठी ते वापरणं आता खरंच थांबवा.

माझं मत विचाराल तर पाथ कोड लिहितानाच माहीत असेल तर ?. च लिहावं. टाइपस्क्रिप्टमध्ये (टाइप तपासणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये) नावाचं स्पेलिंग चुकलं तर एडिटर तिथल्या तिथे लाल रेघ मारतो, स्ट्रिंगमध्ये चुकलं तर डिफॉल्ट गपचूप येत राहतं आणि कुणाला पत्ता लागत नाही. पण पाथ रनटाइमला येत असेल, म्हणजे टेबलचे कॉलम कॉन्फिगमधून येतायत किंवा फॉर्मच्या फील्डचं नावच पाथ आहे, तर तिथे ?. काय कामाचं, तिथे गेटच हवं. तेवढ्यासाठी लोडॅश नको असेल तर डीएलव्ही ही प्रिअ‍ॅक्टवाल्या जेसन मिलरची लायब्ररी बघा, मोजून काही ओळींची आहे. डिफॉल्टचा नियम गेटसारखाच, पण स्ट्रिंग फक्त टिंबावर तोडते, चौकटी कंस तिला कळत नाहीत, त्यामुळे 'आयटम[०].नाव' चालणार नाही, 'आयटम.०.नाव' लिहावं लागेल.

आणि जुन्या कोडमधून गेट काढायचंच असेल तर दोन आर्ग्युमेंटवाले कॉल खुशाल बदला (कीच्या नावातच टिंब असेल तेवढं सोडून, तिथे गेट आधी ती अख्खी की शोधतं). तीन आर्ग्युमेंटवाले वेगळे काढा, आणि प्रत्येकासाठी बॅकएंडवाल्यांना विचारा की या फील्डमध्ये नल येतो का, आणि येत असेल तर त्याचा अर्थ काय.