दाढीच्या ब्रशचा झुबका: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

चांगल्या प्रतीचा दाढीचा ब्रश घ्यायचे ठरवले की पहिल्याच पायरीवर एक गमतीदार वर्गवारी समोर येते. बॅजर नावाच्या प्राण्याच्या केसांचे ब्रश 'प्युअर', 'बेस्ट', 'सुपर' आणि 'सिल्व्हरटिप' अशा चढत्या नावांनी विकले जातात आणि नावाबरोबर किंमतही चढत जाऊन दहा-पंधरा हजार रुपयांच्या पलीकडे सहज पोहोचते. 'बेस्ट' म्हणजे सर्वोत्तम, पण या यादीत त्याच्याही वर दोन पायऱ्या आहेत! सोन्याच्या कॅरेटला जसे हॉलमार्कचे पाठबळ असते तसे या नावांना कोणत्याही सर्वमान्य मानकाचे नाही. प्रत्येक कारखाना आपली प्रतवारी आपणच ठरवतो, त्यामुळे एकाचा 'सुपर' दुसऱ्याच्या 'बेस्ट'शी बरोबरी करू शकतो. म्हणून नाव बाजूला ठेवून केसांच्या झुबक्याची मापे आणि त्या केसांची टोके पाहावीत, असे माझे मत आहे. त्यामागचे भौतिकशास्त्र शाळेत शिकलेल्या विज्ञानाच्या फारसे पुढचे नाही.

ब्रशचे पहिले काम फेस करण्याचे आहे असे आपण धरून चालतो, परंतु त्याहून महत्त्वाचे काम दाढीच्या खुंटांपर्यंत पाणी पोहोचवण्याचे आणि ते तिथे टिकवून धरण्याचे आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्या मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांनी एकमेकींना धरून असतात: गंधकाचे बंध भक्कम असतात आणि पाण्याने तुटत नाहीत, तर हायड्रोजन बंध कमकुवत असतात आणि पाण्याचे रेणू आत शिरताच सैल पडतात. पूर्ण भिजलेला केस स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो. त्याची जाडी १४ टक्क्यांच्या आसपास वाढते, लांबी मात्र जेमतेम एक-दोन टक्केच. असा फुगलेला, मऊ झालेला केस कापायला बराच कमी जोर लागतो. हा बदल व्हायला कोमट पाण्याची दोन-तीन मिनिटे पुरतात, आणि घाईने तोंडाला फेस फासून लगेच रेझर फिरवणारा माणूस नेमकी हीच मिनिटे वाचवायला जातो.

पात्यापुढे केस म्हणजे काहीच नाही, असेही समजण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जानलुका रोशोली आणि जेम तासान यांच्या गटाने २०२० साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या संशोधनात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. पाते केसाच्या सुमारे ५० पट कठीण असते, तरीही त्याच्या धारेचे बारीक टवके उडत होते. केस वाकून पात्याला तिरका भिडला आणि नेमक्या त्याच जागी पोलादाची सूक्ष्म रचना एकसारखी नसली, तर धार तिथे फुटते. एकूण पाहता दाढीचा खुंट किती भिजला आहे आणि पात्यासमोर तो कसा उभा आहे, याला चांगलेच महत्त्व आहे.

आता ब्रश पाणी कसे धरतो ते पाहू. बॅजरचा केस पाणी 'शोषून' ठेवतो म्हणून तो श्रेष्ठ, हे वाक्य दुकानदारांच्या तोंडी हमखास असते, पण त्यात अर्धेच सत्य आहे. झुबक्यातले बहुतेक पाणी केसांच्या आत शिरलेले नसते. ते केसांच्या मधल्या फटींमध्ये पृष्ठताणामुळे अडकलेले असते. दोन भिंतींमधले अंतर ०.१ मिलिमीटर असेल तर स्वच्छ पाणी त्या फटीत सुमारे १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत चढू शकते, आणि दाढीच्या ब्रशचे केस तर जेमतेम पाच सेंटिमीटर लांब असतात. यावरून भिजलेला ब्रश उलटा धरला तरी सगळे पाणी का गळून जात नाही, हे लक्षात येते. साबण मिसळला की पाण्याचा पृष्ठताण निम्म्याहून खाली येतो, केसांची पकड ढिली होते आणि थोडासा दाब दिला की पाणी नेमके हवे तिथे, म्हणजे गालावर, सुटते.

भिजलेल्या ब्रशच्या केसांच्या बटा होतात, हेही आपण रोज पाहतो. पाणी केसांना एकत्र ओढते, केसांचा ताठपणा त्यांना परत सरळ करू पाहतो, आणि या रस्सीखेचीत किती केसांची एक बट होईल ते ठरते. जोझे बिको आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी २००४ साली 'नेचर'मध्ये ओल्या केसांच्या या एकत्र येण्याचे गणित मांडले. ब्रश निवडणाऱ्याच्या कामाचा भाग त्यात एवढाच की फार लवचीक केस एकमेकांना चिकटून लोळागोळा होतात, आणि फार ताठ केस फटी मोठ्या ठेवून पाणी सोडून देतात. चांगला झुबका या दोन टोकांच्या मध्ये बसवलेला असतो.

ताठपणाचे गणित तर किमतीच्या चिठ्ठीपेक्षा कितीतरी बोलके आहे. एका टोकाला घट्ट बसवलेला केस म्हणजे अभियंत्याच्या भाषेत एक तुळई. तिचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताच्या प्रमाणात कमी होतो. केस दहा टक्के जाड झाला की तो सुमारे ४६ टक्के अधिक ताठ होतो. दुप्पट जाड झाला तर सोळा पट. उलट मुठीच्या वर दिसणारी केसांची उंची ५० मिलिमीटरवरून ५५ केली, तर तोच केस सुमारे २५ टक्के मऊ पडतो. पाच मिलिमीटर म्हणजे मक्याच्या दाण्याएवढे अंतर, पण चेहऱ्यावर त्याचा फरक पहिल्याच दिवशी कळतो. झुबक्याच्या तळाचा व्यास २४ मिलिमीटरवरून २६ झाला तर आतल्या केसांची संख्या १७ टक्क्यांनी वाढते. म्हणून ब्रश पाहताना व्यास आणि उंची हे दोन आकडे आधी विचारावेत. जाणकार विक्रेता ते मिलिमीटरमध्ये सांगतो. आकडे न सांगता नुसते 'एकदम सॉफ्ट आहे' म्हणणाऱ्याकडून महागाची वस्तू घेऊ नये.

डुकराच्या केसांचे ब्रश नेहमी जरा उंच का असतात, याचे उत्तरही याच सूत्रात आहे. तो केस जाड आणि म्हणून ताठ असतो. त्याला चेहऱ्याला सोसवेल इतका मऊ करायचा तर लांबी वाढवावी लागते. बॅजरचा केस तुलनेने बारीक, त्यामुळे तो ४५ ते ५५ मिलिमीटर उंचीतच चांगला बसतो. दुकानात कोरडा ब्रश तळहातावर फिरवून पाहणे बहुतेकांना आवडते, पण त्या चाचणीवर फार विसंबू नये. भिजल्यावर केराटिनचा ताठपणा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतो, आणि दुकानात खरखरीत वाटलेला डुकराच्या केसांचा ब्रश पाण्यात काही मिनिटे ठेवल्यावर ओळखूही येत नाही. शिवाय वापराने त्या केसांची टोके फाटून एकाची दोन-तीन होतात आणि ब्रश महिन्या-दोन महिन्यांत अधिक मऊ होतो. घाई करणाऱ्याने तो घेऊच नये. इटलीतील बोलोन्या शहरातील ओमेगा या कंपनीचे असे ब्रश बॅजरच्या मानाने पुष्कळच स्वस्त मिळतात, आणि संयम असेल तर ते उत्तम काम देतात. घोड्याच्या आयाळीचे आणि शेपटीचे केस या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसतात.

बॅजर हा पाणमांजराच्या कुळातला, बिळात राहणारा निशाचर प्राणी. त्याच्या केसावर फिकट बूड, मध्ये काळा पट्टा आणि पांढरे टोक अशी रंगांची विभागणी असते. बुडापासून मध्यापर्यंत हा केस फुगत जातो आणि टोकाकडे निमुळता होतो. या निमुळत्या टोकातच त्याच्या मऊपणाचे गुपित आहे, कारण जाडीचा चौथा घात टोकाशी जवळजवळ नाहीसा होतो. कसबी कारागीर केसांची टोके कधीही कापत नाही. तो केस साच्यात टोकाच्या बाजूने उभे करतो, झुबक्याला गोलाई साच्यातच देतो आणि जादा लांबी बुडाकडून छाटतो. हलक्या ब्रशांत मात्र झुबका आधी बांधून वरून कात्री फिरवतात. अशी बोथट टोके त्वचेला टोचतात. दहा पट मोठे दाखवणारे साधे भिंग खिशात असेल तर हा फरक अर्ध्या मिनिटात दिसतो. झुबक्याची प्रत ओळखण्याची याहून खात्रीची परीक्षा मला ठाऊक नाही.

ब्रशमधला केस नेमका कोणाचा, हा प्रश्न एके काळी जिवावर बेतला होता. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचाव करणारा मुखवटा चेहऱ्यावर घट्ट बसावा म्हणून सैनिकांना दाढी करणे आवश्यक झाले आणि ब्रशांची मागणी एकाएकी वाढली. युद्धामुळे केसांच्या व्यापाराचे जुने मार्ग तुटले होते. बॅजरचा केस मिळेनासा झाला आणि त्याची नक्कल म्हणून घोड्याचे केस वापरले जाऊ लागले. आशियातून आलेल्या या केसांचे निर्जंतुकीकरण नीट झालेले नसे. त्यांत अँथ्रॅक्सच्या, म्हणजे आपल्याकडे गुराढोरांच्या बाबतीत 'काळपुळी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रोगाच्या जंतूंचे बीजाणू होते. दाढी करताना पडलेल्या बारीक जखमांतून ते शरीरात शिरले. ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून अशा दोनशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतले कित्येक दगावले. ब्रिटनने १९२० साली जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली. आजच्या नव्या ब्रशांबाबत ही भीती बाळगण्याचे कारण नाही, पण जुन्या बाजारातला शंभर वर्षांपूर्वीचा ब्रश हौसेने आणून चेहऱ्याला लावू नये.

आज बॅजरच्या केसांबाबतचा प्रश्न वेगळा आहे. ब्रिटनमध्ये १९९२ च्या कायद्याने या प्राण्याला संरक्षण आहे, आणि बाजारातला बहुतेक केस चीनमधून येतो. तिथे प्राण्यांना कसे वागवले जाते याची चित्रणे पेटा या संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केल्यावर काही मोठ्या विक्रेत्यांनी हा माल ठेवणे बंद केले. १७७७ पासून चालत आलेली इंग्लंडची केंट किंवा १९१९ मध्ये सुरू झालेली सिम्प्सन यांसारखी नावे हातकामासाठी आदरास पात्र आहेत, यात शंका नाही. पण माझ्यापुरता मी बॅजरचा विचार सोडून दिला आहे, आणि त्याला निम्मे कारण रसायनशास्त्राने दिले.

अमेरिकेत १९३८ साली नायलॉनच्या तंतूंचा दात घासायचा ब्रश आला आणि डुकराचा केस तिथून हद्दपार होऊ लागला. दाढीच्या ब्रशात मात्र सुरुवातीचे कृत्रिम तंतू साफ नापास झाले, कारण ते बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीचे, गुळगुळीत आणि सरळ असत. फटी नीट राहत नसत, पाणी ठरत नसे आणि टोके टोचत. आताचे चांगले तंतू पॉलिब्युटिलीन टेरेफ्थॅलेट या पॉलिएस्टरचे असतात. त्यांची टोके गरम, तीव्र कॉस्टिक सोड्यात बुडवतात. ज्या अल्कलीने तेलाचा साबण होतो तीच इथे पॉलिएस्टरचे बंध तोडत तंतू बाहेरून झिजवते, आणि टोक बॅजरच्या केसासारखे निमुळते होते. काही तंतूंना बारीक नागमोडी वळण देतात, त्यामुळे शेजारच्या तंतूंमध्ये फटी टिकतात. जर्मनीतील सॅक्सनीमधली म्यूले ही कंपनी आपल्या अशा तंतूला 'सिल्व्हरटिप फायबर' म्हणते. हा तंतू स्वतः जवळजवळ पाणी पीत नाही, त्यामुळे तो ओला आणि कोरडा सारखाच ताठ राहतो, भिजत घालावा लागत नाही आणि लवकर वाळतो. त्याचा दोषही यातूनच येतो. त्याची उसळी थोडी जास्त असते आणि फेस कधी कधी चेहऱ्याऐवजी आरशावर उडतो.

मुठीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिंग, लाकूड किंवा रेझिन यांपैकी काहीही चालते. लाकूड पाण्याने फुगते-आकसते एवढे ध्यानात ठेवावे. मात्र तळाशी झुबका ज्या डिंकावर बसलेला असतो, त्याला उकळते पाणी मानवत नाही. माझा एक ब्रश मी पहिल्याच आठवड्यात चहाच्या आधणाइतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवला होता, आणि पुढचा महिनाभर गालावरून केस वेचत होतो.

बोअरचे पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्यातले कॅल्शियम साबणातल्या स्टिअरिक आम्लाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका तयार करते. तो फेस मारतो आणि झुबक्याच्या बुडाशी साचत जातो, आणि झुबका जितका दाट तितका तो काढणे कठीण. अशा घरात २६ मिलिमीटरच्या भरगच्च झुबक्यापेक्षा २२ ते २४ मिलिमीटरचा, किंचित मोकळा ब्रश अधिक दिवस सुखाने चालतो. महिन्यातून एकदा पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये तो काही मिनिटे बुडवावा आणि मग साबणाने धुवावा.

शेवटचा खर्च बहुतेक जण खुंटाळ्याच्या आकाराच्या चकचकीत स्टँडवर करतात, कारण ब्रश उलटा टांगला की बुडातले पाणी उतरते असे त्यांना सांगितलेले असते. वर पाहिलेले १५ सेंटिमीटर आठवले तर त्यात फारसे तथ्य नाही, हे ध्यानात येईल. दाट बुडातले पाणी गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही. ते झटकून, टॉवेलवर हलके टिपून आणि वाऱ्यावर ठेवूनच जाते. कोकणातल्या आषाढ-श्रावणात तर न्हाणीघरात टांगलेला केसाळ ब्रश आठ-आठ दिवस पुरता वाळत नाही आणि त्याला बुरशीचा वास येतो. त्या दिवसांत माझा ब्रश न्हाणीघराबाहेर, पंख्याखालच्या फडताळावर साधा उभा ठेवलेला असतो.