अम्माऊस नेमकं किती लांब? बायबलचा डेटा खुला झाल्यावर काय होतं

लूकच्या शुभवर्तमानात 24 व्या अध्यायात दोन शिष्य यरुशलेमहून अम्माऊसला निघतात आणि वाटेत येशू त्यांच्यासोबत चालायला लागतो, पण ते त्याला ओळखतच नाहीत. पण हे गाव होतं कुठे? बहुतेक जुन्या ग्रीक हस्तलिखितांत अंतर दिलंय 60 स्टेडिया (लांबीचं जुनं माप). एक स्टेडियन साधारण 185 मीटरचं, म्हणजे झाले 11 किलोमीटर. आणि चौथ्या शतकातलं कोडेक्स सिनायटिकस हे ग्रीक बायबलचं हस्तलिखित बघितलं तर तिथे 160, म्हणजे जवळपास 30 किलोमीटर!

पूर्वी हे एखाद्या जाड ग्रंथाच्या तळटीपेत वाचायचं आणि मान्य करायचं, कारण ते हस्तलिखितच चार ठिकाणी विखुरलंय, लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनायमधला सेंट कॅथरिनचा मठ. 2009 मध्ये चारही ठिकाणची पानं एकत्र ऑनलाइन आली, फोटोच्या बाजूला टाइप केलेला ग्रीक मजकूर, शब्दावर क्लिक केलं की फोटोत तोच शब्द हायलाइट होतो. ग्रीक अक्षरं ओळखता आली की कुणीही घरी बसून ती ओळ शोधू शकतं.

आता याला नकाशा जोडा. ओपनबायबल डॉट इन्फोवर बायबलमधल्या जागांचा डेटा फुकट मिळतो आणि मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे एका गावाला एकच पिन ठोकून मोकळे होत नाहीत, जितक्या जागा सुचवल्या गेल्यात तितक्या देतात आणि कोणती किती पटण्यासारखी तेही सांगतात. अम्माऊससाठी मोत्झा, अबू घोष, कुबेबा, इमवास अशी नावं येतात. इमवास यरुशलेमपासून साधारण 30 किलोमीटर, आणि चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस अम्माऊस तिथेच होतं म्हणायचा. म्हणूनच बरेच अभ्यासक मानतात की लोक इमवासलाच अम्माऊस समजायला लागले तेव्हा हस्तलिखिताची नक्कल उतरवणाऱ्या कुणीतरी 60 चे 160 करून टाकले. फोटो आणि नकाशा शेजारी उघडले की हा तर्क कसा चालतो ते स्वतः तपासता येतं, पटो न पटो.

हिब्रू बायबलचं, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या जुन्या कराराचं, काम तर अजून खोल गेलंय. अॅमस्टरडॅमच्या फ्राय युनिव्हर्सिटीत एप ताल्स्त्रा यांनी 1977 मध्ये कॉम्प्युटरवर हिब्रू बायबल मांडायला सुरुवात केली, आधार 1008 सालचं लेनिनग्राड कोडेक्स हे हस्तलिखित. आज त्या डेटात चार लाखांहून जास्त शब्द आहेत आणि प्रत्येक शब्दाला नाम की क्रियापद, लिंग, वचन, भाषा, तो कुठल्या वाक्यांशात बसतो अशी सगळी माहिती चिकटवलेली आहे. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेच्या चार ओळी लिहा आणि विचारा, देवाचं चार अक्षरी नाव (हिब्रूत य-ह-व-ह) कुठल्या पुस्तकात किती वेळा? अख्ख्या ग्रंथात ते सुमारे 6800 वेळा येतं आणि एस्तेरच्या पुस्तकात शून्य. किंवा भाषा अरामी असलेले शब्द मागा, दानीएल आणि एज्रातले मोठे भाग येणारच पण यिर्मयाच्या हिब्रूत मधेच एकटं 10:11 वचन अरामीत आहे तेही लगेच समोर येतं.

एक लक्षात ठेवायला हवं, ही लेबलं माणसांनीच ठरवलेली आहेत, त्यामुळे चुका आणि मतभेद असणारच. ओपन स्क्रिप्चर्स या दुसऱ्या प्रकल्पाचा हिब्रू डेटा स्वयंसेवकांनी मिळून तयार केलाय आणि तो गिटहबवर, म्हणजे कोड आणि डेटा खुला ठेवायच्या साइटवर आहे, चूक दिसली तर सगळ्यांसमोर नोंदवता येते.

लायसन्सचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बरीच आधुनिक भाषांतरं कॉपीराइटखाली आहेत, अॅप बनवायचं तर परवानगी लागते. मराठीत पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून केडगावात अख्ख्या बायबलचं सोपं भाषांतर केलं, ते 1924 मध्ये निघालं. आता इंडियन रिवाइज्ड व्हर्जन या भाषांतराचा मराठी मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली आहे, नाव द्या आणि तुमचं कामही त्याच अटीवर खुलं ठेवा, मग वापरा, बदला, वाटा. फाइल साधी टेक्स्टची, अध्याय आणि वचनांना छोट्या खुणा. पायथॉन शिकणाऱ्या कुणालाही एका रविवारी त्यातून मराठी शब्दसूची काढता येईल, प्रत्येक शब्द कुठे कुठे येतो ते दाखवणारी.