संसदीय प्रश्न : पोलीस, सीमा आणि नागरिकत्व

लोकप्रतिनिधीने सभागृहात सरकारकडे माहिती मागण्याचे, आणि त्या माहितीच्या आडून जाब विचारण्याचे, साधन म्हणजे संसदीय प्रश्न. भारतात पोलीस, सीमा आणि नागरिकत्व या तिन्ही विषयांवरचे बहुतेक प्रश्न केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातात. पण या तिन्हींवर केंद्राचा अधिकार सारखा नाही. त्यामुळे खासदाराच्या पदरात काय पडणार हे प्रश्नाच्या धारेपेक्षा तो विषय संविधानाच्या कोणत्या सूचीत, केंद्राच्या की राज्यांच्या, आहे यावर अधिक अवलंबून असते.

प्रश्न विचारण्याची मुभा १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळांना मिळाली. उत्तर ऐकून पुढचा प्रश्न टाकण्याची सोय मात्र १९०९ मध्ये आली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरती. इतर सदस्यांना ती १९१९ च्या सुधारणांनंतर मिळाली.

लोकसभेत किमान १५ दिवस आधी सूचना द्यावी लागते. दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत येतात; कोणाचा येणार हे सोडतीवर ठरते. गृह मंत्रालयाचा वार लोकसभेत मंगळवार, राज्यसभेत बुधवार. तारांकित प्रश्नाची वेळ आली की सदस्य उभा राहून केवळ क्रमांक उच्चारतो, मंत्री ‘विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवले आहे’ एवढेच म्हणतो आणि खरी झटापट त्यावरच्या पुढच्या, म्हणजे पुरवणी, प्रश्नांत होते. मूळ प्रश्नकर्त्याला असे दोन पुरवणी प्रश्न मिळतात. प्रश्नोत्तराच्या तासात जेमतेम पाच-सहा तारांकित प्रश्न होतात. उरलेल्यांची लेखी उत्तरे पटलावर येतात. सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात कोविडचे कारण देऊन हा तासच वगळला गेला. लेखी उत्तरे चालू राहिली, पण पुरवणी प्रश्नाविना मंत्र्याला अडचण अशी होतच नाही.

पोलिसांविषयी विचारले की एक ठरावीक वाक्य हमखास येते : संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार ‘पोलीस’ आणि ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ हे राज्यांचे विषय आहेत. विधान खरे आहे, आणि मंत्रालयाच्या सोयीचेही. पुढे बहुधा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे जोडले जातात, तेही जुने; २०२२ सालचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये निघाला. दिल्ली पोलीस थेट केंद्राच्या हाताखाली असल्याने त्यांच्याबाबत ही पळवाट चालत नाही.

राज्यातल्या पोलीस ठाण्याची विचारणा आमदारानेच करायची. महाराष्ट्र विधिमंडळात अशा प्रश्नांचा साचा पक्का आहे. अमुक ठिकाणी अमुक घडले ‘हे खरे आहे काय’, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास ‘विलंबाची कारणे काय आहेत’. उत्तरही साच्यातलेच : ‘हे अंशतः खरे आहे’, आणि शेवटच्या भागाला ‘प्रश्न उद्भवत नाही’. पहिल्या भागाला नकार मिळाला की पुढचे सगळे भाग आपोआप गळतात. म्हणून मुरलेले आमदार पहिला भाग असा बांधतात की त्याला ‘नाही’ म्हणणे कठीण व्हावे.

सीमेचा प्रश्न मंत्रालयांच्या हद्दींत अडकतो. पाकिस्तान आणि बांगलादेश सीमेवरचे सीमा सुरक्षा दल गृह खात्याचे; चीन सीमेवरचे इंडो-तिबेट सीमा पोलीस दलही गृह खात्याचे, पण तिथले लष्कर संरक्षण खात्याचे. किनाऱ्यावर तर गुंता आणखी वाढतो. २६ नोव्हेंबर २००८ ला हल्लेखोर मुंबईत समुद्रमार्गे उतरले. त्या किनाऱ्याची गस्त राज्याचे सागरी पोलीस, संरक्षण खात्याचे तटरक्षक दल आणि नौदल यांच्यात वाटलेली आहे. शिवाय सुरक्षेच्या कारणाने प्रश्न नाकारता येतो. ९ डिसेंबर २०२२ च्या अरुणाचलातील तवांगमधील भारत-चीन सैनिकांच्या चकमकीवर संरक्षणमंत्र्यांनी १३ डिसेंबरला निवेदन केले, मात्र विरोधकांनी मागितलेली चर्चा झाली नाही.

नागरिकत्व हा विषय पूर्णतः केंद्राचा, त्यामुळे इथे राज्याकडे बोट दाखवता येत नाही. साध्या लेखी उत्तरालाही इथे वजन येते. राष्ट्रीय पातळीवर नागरिक नोंदवही (एनआरसी) करण्याचा निर्णय अद्याप घेतलेला नाही, हे फेब्रुवारी २०२० मध्ये गृह राज्यमंत्र्यांनी लोकसभेत लेखी दिले आणि देशभर तेच वाक्य उद्धृत होत राहिले. २०२२ मध्ये २,२५,६२० जणांनी भारतीय नागरिकत्व सोडले, हा आकडाही परराष्ट्र मंत्रालयाने राज्यसभेत दिलेल्या उत्तरातूनच लोकांपर्यंत पोहोचला.

उत्तर वाचताना ‘(अ) ते (ड)’ असे भाग एकत्र केलेले दिसले की थांबावे. चारांपैकी एखादा भाग त्या परिच्छेदात अनुत्तरित राहिलेला असू शकतो. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर मात्र आश्वासन धरले जाते. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती, जी १९५३ पासून आहे, त्याचा पाठपुरावा करते. पूर्ततेची मुदत तीन महिने. ती वाढवून मागता येते, आणि आश्वासनच यादीतून वगळावे अशी विनंतीही मंत्रालय समितीला करू शकते.