मिक्सर घ्यायचा तर तंबोऱ्याचं ऐका

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी (तारा टेकतात त्या घोडीचा माथा घासून साधलेला झणकार) नुकतीच उघडलेला तंबोरा ऐकला, तर चार हातांवरून तो खोली भरून टाकतो. तोच तंबोरा साठ-सत्तर श्रोत्यांच्या बैठकीत गायकाच्या मागे बसला की स्पीकरमधून येतच नाही, आणि आलाच तर पावसासारखी सर्र सोबत घेऊन येतो. बोट लगेच वाद्याकडे नाहीतर वाजवणाऱ्याकडे जातं. दोष बहुतेक वेळा माईकची वायर आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरमध्ये जिथे शिरते, तिथल्या प्रीअँपमध्ये, म्हणजे माईकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागात असतो. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याचा आवाज लोकांपर्यंत नेणारं यंत्र अजूनही ‘किती चॅनलचं?’ एवढंच विचारून घेतलं जातं.

लहान बैठकीसाठी मिक्सर निवडायचा तर सगळ्यात हळू वाद्यापासून सुरुवात करावी. सांगली-मिरजेत ते वाद्य म्हणजे तंबोरा. तो ज्या मिक्सरला झेपला, त्याला गळा, संवादिनी आणि तबला सहज झेपतात.

का, ते आकड्यांत बघू. ध्वनीची पातळी ९४ डेसिबल असली की माईकच्या पडद्यावर १ पास्कल दाब पडतो. एवढ्या दाबाला शुअर एसएम५८ हा जिथेतिथे दिसणारा डायनॅमिक माईक १.८५ मिलिव्होल्टच्या आसपास देतो. माईक ओठांशी धरून गाणाऱ्याचा आवाज १०४ डेसिबल धरला, तर मिळतात जेमतेम ६ मिलिव्होल्ट. फूटभरावरून येणारा तंबोरा ६० डेसिबल धरला, तर मिलिव्होल्टच्या जागी ३७ मायक्रोव्होल्ट उरतात. म्हणजे दोघांत दीडशेपटीची तफावत. व्यावसायिक यंत्रं एकमेकांना ज्या पातळीवर आवाज देतात, ती लाइन पातळी असते १.२३ व्होल्ट. तिथवर न्यायला गळ्याला २१० पट, म्हणजे ४६ डेसिबल गेन (वाढ) पुरतो; तंबोऱ्याला ९० लागतो. लहान मिक्सरच्या प्रीअँपमध्ये साधारण ६० डेसिबल असतात. तंबोरा गळ्याच्या बरोबरीने ऐकवायचा नसतो, तो पंधरा-वीस डेसिबल खालीच शोभतो, हे मान्य. तरी सत्तर उरतातच.

ही तूट माईकच्या बाजूने भरायची. कंडेन्सर हा जास्त नाजूक, बाहेरून वीज लागणारा माईक त्याच दाबाला १० ते २० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १५ ते २० डेसिबलची कमाई तिथेच झाली. माईक एका फुटावरून अर्ध्या फुटावर आणला की आणखी ६. त्यामुळे तंबोऱ्याला कंडेन्सर, तबलीसमोर (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीसमोर) घोडीच्या जरा खाली, वीतभर अंतरावर. कंडेन्सरला ४८ व्होल्टची फँटम, म्हणजे मिक्सरने माईकच्या वायरीतूनच पाठवलेली वीज, लागते. काही अगदी स्वस्त मिक्सर फँटमच्या नावाखाली १५-१८ व्होल्टच देतात. त्यावर काही माईक चालतात, काही मोठ्या आवाजाला फाटतात, काही गप्प बसतात. बहुतेक लहान मिक्सरवर सगळ्या चॅनलना मिळून फँटमचं एकच बटण असतं. नीट जोडलेल्या डायनॅमिक माईकला त्याचा त्रास होत नाही, मात्र जुन्या रिबन माईकला होऊ शकतो. आणि बटण दाबण्याआधी मास्टर (एकूण आवाजाचं बटण) खाली, नाहीतर स्पीकरमधून गोळी सुटल्यासारखा ‘ठप्प’ निघतो.

आता सर्र. कुठलाही रेझिस्टर नुसत्या खोलीच्या उष्णतेनेसुद्धा थोडी वीज खळखळवत असतो. १५० ओमच्या रेझिस्टरमधून, माणसाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यात, ही खळखळ ०.२२ मायक्रोव्होल्ट भरते. व्होल्टेज डेसिबलमध्ये मोजणाऱ्या डीबीयूच्या भाषेत उणे १३१. निसर्गाने घातलेली ही तळरेषा आहे, कुठल्याही कंपनीला तिच्याखाली जाता येत नाही. माहितीपत्रकात ‘इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज’ (प्रीअँपची स्वतःची सर्र) उणे १२८ लिहिलेला प्रीअँप तळापासून तीनच डेसिबल वर आहे, म्हणजे उत्तम. उणे १२० असेल तर भाषणाला ठीक, तंबोऱ्याला नको. हा आकडा छापलाच नसेल, तर तेही उत्तरच समजावं.

कागदावर विश्वास नसेल तर दुकानात तपासता येतं. एक्सएलआरचा, म्हणजे माईकच्या तीन पिनांच्या जोडणीचा, एक नर प्लग घ्या, त्याच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १५० ओमचा रेझिस्टर डाखवा. हा झाला मुका माईक. फँटम बंद ठेवून तो चॅनलला लावा, हेडफोन घाला, फेडर (चॅनलच्या आवाजाचं बटण) आणि मास्टर शून्याच्या खुणेवर ठेवा आणि गेन हळूहळू शेवटपर्यंत न्या. दोन मिक्सर शेजारी ठेवून असं ऐकलं की फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही. इनपुट मोकळं ठेवून ही परीक्षा करू नये, तेव्हा येणारी सर्र वेगळीच असते. गेनचं बटण फिरताना आणखी एक खोड सापडते. स्वस्त मिक्सरमध्ये शेवटचे १५-२० डेसिबल बटणाच्या शेवटच्या करंगळीएवढ्या फेऱ्यात कोंबलेले असतात. तंबोरा नेमका तिथेच बसतो, आणि केसभर हात हलला की स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरून शिट्टी.

चॅनलच्या आकड्याचं कोडं एकदा उलगडून घ्यावं. खोक्यावरचा आकडा म्हणजे एकूण इनपुट. माईक किती लागतील ते त्यात नसतं. यामाहा एमजी१०एक्सयूवर दहा इनपुट, पण माईकचे प्रीअँप चार. बेरिंजरच्या झेनिक्स ८०२ मध्ये आठांपैकी दोनच. उरलेल्या स्टिरिओ जोड्या मोबाईल, की-बोर्ड किंवा इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यासाठी. गायक, संवादिनी, दायाँ, बायाँ, तंबोरा आणि निवेदक धरले तर सहा प्रीअँप झाले. पण तबल्याला दोन माईक कशाला? दोन्हींच्या मधोमध, फूटभर उंचीवर एकच पुरतो. पन्नास माणसांच्या दिवाणखान्यात तर तबल्याचा माईक लावूच नये. उघडे माईक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. बचत कुठे करायची असेल तर ती इथे. भजनी मंडळाच्या टाळांना माईक द्यायची तर मुळीच गरज नाही, ते गायकाच्या माईकमध्ये बिनबोलावता येतात.

तंबोऱ्याला चिकटवायचा, कंपनांपासून वीज करणारा पिझो पिकअप घेतला म्हणजे माईकची कटकट मिटली, असं अनेकांना वाटतं. इथे वेगळाच घोटाळा होतो. पिझोची चकती विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर असते, समजा १५ नॅनोफॅरडचा. मिक्सरच्या लाइन इनपुटचा अवरोध १०-२० किलोओम. ही जोडी मिळून एक गाळणी तयार होते: २० किलोओमला ती सुमारे ५३० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरवत नेते. काळी एक पट्टीच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्झची, जोडीच्या तारा १३९ च्या. त्यामुळे पत्र्याचा डबा वाजतोय असं वाटतं, आणि मग बेसचं बटण पिळून घूं वाढवली जाते. उपाय एकच, मध्ये १ मेगाओमचा अवरोध असलेला ॲक्टिव्ह (विजेवर चालणारा) डीआय बॉक्स, म्हणजे पिकअप आणि मिक्सर जुळवून देणारी डबी. गाळणीची सीमा ११ हर्ट्झवर जाते आणि अंग परत येतं. पॅसिव्ह (बिनविजेच्या) डीआयचा अवरोध त्या मानाने बराच कमी, तो की-बोर्डला द्यावा.

याच्या उलट, माईक लावलेल्या तंबोऱ्यावर ८० किंवा १०० हर्ट्झचा लो-कट (खालचे स्वर कापणारं बटण) बेलाशक दाबावा. खर्जाचा मूळ स्वर ६९ असताना तो कापायचा? हो. जवारीची वक्र घोडी तारेतली ताकद वरच्या स्वरांशांमध्ये (मूळ स्वराच्या पटींमध्ये) पसरवून टाकते, आणि ते स्वरांश एकमेकांपासून ६९ हर्ट्झच्या अंतरावर असल्याने मूळ स्वर उतरला तरी कान तो स्वतःहून भरून काढतो. शिवाय लो-कट उताराने कापतो, तोडून टाकत नाही. फायदा असा की पोकळ भोपळा स्पीकरचा खालचा आवाज पकडून स्वतःच घुमायला लागतो, ते थांबतं. बायाँवर मात्र लो-कट नको. त्याचा घुमारा नेमका तिथेच राहतो.

गायकाला समोरच्या मॉनिटरमध्ये (त्याच्यासाठीच्या स्पीकरमध्ये) तंबोरा हवा असतो, मग ‘ऑक्स’, म्हणजे निवडक आवाज वेगळ्या वाटेने बाहेर नेणारी सोय, बघा. लहान मिक्सरवर बऱ्याचदा एकच ऑक्स, तोही इफेक्टसाठी आणि फेडरच्या नंतरचा. म्हणजे सभागृहात तंबोरा जरा खाली घेतला की गायकाचाही खाली जातो, आणि बैठकीच्या मध्यावर कपाळावर आठ्या. मॉनिटरला फेडरच्या आधीचा, प्री-फेडर ऑक्स लागतो. दुकानात गाणं लावून ऑक्स थोडा उघडा आणि चॅनलचा फेडर तळाला न्या. ऑक्समधून गाणं येतच राहिलं, तर घ्या. दोन ऑक्स मिळाले तर उत्तम, कारण एक मॉनिटरला जातो आणि एक रिव्हर्बला, म्हणजे कृत्रिम घुमाऱ्याला.

रिव्हर्बबद्दल फार न बोललेलं बरं. दगडी सभामंडपात तो देवळानेच दिलेला असतो; त्यावर मिक्सरमधला ‘हॉल’ चढवला की तानेतली एकेक जागा चिखलात जाते. इको तर निवेदकाच्या ‘रसिकहो’पुरता ठेवला तरी जास्तच. मिरजेच्या दर्ग्याच्या आवारासारख्या उघड्या जागेत भिंती नसतात, तिथे छोटा रिव्हर्ब गळ्याला आधार देतो. चोवीस इफेक्ट आहेत म्हणून मिक्सर घेणं म्हणजे मसाल्याचा डबा बघून पातेलं घेणं.

वाय-फायवर टॅबलेटने चालणारे डिजिटल मिक्सर आता लहान आकारात येतात. प्रत्येक चॅनलला वेगळा इक्वलायझर, हवे तेवढे प्री-फेडर ऑक्स, आणि मागच्या बैठकीची मांडणी जशीच्या तशी परत मिळते. पण भरल्या मंडपात शे-दीडशे मोबाईलमध्ये वाय-फाय अडखळतं आणि शिट्टी सुटली असताना हाताखाली एकही बटण नसतं. मंडळाची मुलं आळीपाळीने मिक्सरवर बसत असतील तर अ‍ॅनलॉगच बरा.

राहिली घूं. ती ५० किंवा १०० हर्ट्झची असेल तर बहुतेक वेळा मिक्सर एका सॉकेटवर आणि पॉवर्ड स्पीकर दुसऱ्या टोकाच्या सॉकेटवर असतो. दोन अर्थिंगमध्ये फिरणारा प्रवाह ऐकू येतो. सगळं एकाच बोर्डावरून घ्यावं आणि स्पीकरपर्यंत बॅलन्स्ड (आवाजाच्या दोन तारा आणि वेगळी जाळी असलेली) वायर न्यावी. प्लगची अर्थिंगची पिन काढून घूं घालवणारा माणूस दिसला तर त्याचा हात धरावा. तारांच्या वाद्याला टेकलेल्या आणि माईकला ओठ लावलेल्या कलाकाराच्या अंगातून शॉक जाऊ शकतो.

मिक्सरचा अडॅप्टर मात्र नीट बघून ठेवा. अनेक लहान मिक्सरचा अडॅप्टर एसी ते एसी असतो. आयत्या वेळी राउटरचा १२ व्होल्ट डीसी त्यात बसला तरी फँटम उभी राहत नाही, क्वचित मिक्सरही जातो. दुसरा अडॅप्टर पेटीतच ठेवावा, आणि पहिल्याची वायर सतरंजीखालून न नेता मिक्सरच्या पायाशी टेपने चिकटवावी.